पाळणाघराचा चार्ज

१ जानेवारी १९७७, सातारा

कारखान्याने यंदा सगळ्यांना डायऱ्या वाटल्या. बाकीच्यांच्या घरी त्यात दुधाचा हिशेब लिहिला जाईल. मी फौजेत उभी नोकरी रोजचा रिपोर्ट लिहिण्यात घालवली, सुभेदार होऊन पेन्शनीत निघालो, तेव्हा डायरी कशी लिहायची हे मला कुणी शिकवू नये. खरं असेल ते लिहायचं आणि कुणाची भीड ठेवायची नाही.

भीड न ठेवता लिहायचं तर आमचा कारखाना विजेची बटणं आणि बल्बचे होल्डर बनवतो, आणि त्यात शिस्त नावाची चीज औषधालाही नाही. मी फाटकावर सुरक्षा अधिकारी. अधिकारी हा शब्द मॅनेजरने दिलेला, पगार वॉचमनचा. मॅनेजर हंबीरराव कराडकडचे ऊसवाले, मालकांच्या बहिणीचे जावई. तिथल्या इंजिनियरिंग कॉलेजच्या समोरून ते बऱ्याचदा गेलेले आहेत, एवढंच त्यांचं शिक्षण. बूट चकचकीत, पण एका बुटाची लेस कायम सुटलेली. लेस सुटलेल्या माणसाला सलाम ठोकायची पाळी मला लढाईने नाही, पेन्शनीने आणली.

६ जानेवारी

हंबीररावांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले नाहीत. म्हणाले असते तरी बसलो नसतो.

"सुभेदार, सरकारनं नवं झेंगाट काढलंय," ते म्हणाले. "तीसच्या वर बाया कामाला असल्या तर पाळणाघर पायजे. बायांनी काम करायचं, त्यांची पोरं तितं ठेवायची. आधी पन्नासाला हुतं, तवा आपण पन्नासाच्या आत ठेवून भागवलं."

"मग आता तिसाच्या आत ठेवा की."

"आन् बटणं कोण जोडणार? गड्यांच्या बोटांत टाचणीएवढा स्क्रू घावत न्हाई." ते हसले. "एक खोली द्यायची, पाळणे टांगायचे, इन्स्पेक्टर आला की दाखवायची. तुमी फौजेतलं, टापटीप तुमच्याबिगर कुणाला जमणार? चार्ज तुमच्याकडं."

म्हणजे माथ्यावर तोफगोळे पडत असताना टेलिफोनची तार ओढलेला माणूस आता लंगोटांच्या चार्जवर. मी 'जी साहेब' म्हणालो. लेस सुटलेलीच होती. सांगितलं नाही.

घरी आल्यावर मंडळींना सांगितलं. बायको, आमची मनुबाई, भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "पोरं सांबाळायची खोली? कारखान्यात?" म्हणाली. मी म्हटलं, होय, सरकारला दुसरं काम नाही. ती परत थापायला लागली. पण ती भाकरी तव्यावर करपली.

२९ जानेवारी

पाळणाघर तयार झालं. आधी तिथे रिकामी खोकी आणि उंदीर होते. चुना दोनदा मारून घेतला, कारण पहिल्यांदा मारणाऱ्याने कोपरे सोडले होते आणि कोपरे सोडणारा माणूस आयुष्यात काय करणार. पाळणे दोरी ताणून एका ओळीत लावले. प्रत्येकात गादी, रबरी कापड, पांढरीशुभ्र चादर, पायथ्याला निळी दुलई चौकोनी घडीची. भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता. रंगीत ठोकळे, पाट्या, एक लाकडी घोडा, त्याचं तोंड दाराकडे. दुधाच्या बाटल्या उंचीप्रमाणे रांगेत फॉलिन केल्या. आया म्हणून कागदावर मॅनेजरच्या घरची भांडीवाली दाखवली आहे. ती इन्स्पेक्टर आला की येणार, पांढरं लुगडं नेसून.

सिव्हिलियन लोकांना कळणार नाही म्हणून लिहून ठेवतो. फौजेत ज्याला अक्कल आहे तो जवान दोन किट ठेवतो. एक वापरायचं, एक दाखवायचं. दाखवायच्या कांबळ्याखाली कुणी झोपत नाही, दाखवायच्या मगातून कुणी चहा पीत नाही. माझ्या दाखवायच्या साबणावरची अक्षरं नायकाचा सुभेदार झालो तरी शाबूत होती. त्या साबणाचं कर्नलसाहेबांनी सगळ्या कंपनीसमोर कौतुक केलं होतं.

कुलूप लावलं. किल्ली करदोट्याला बांधली.

३ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत बायांचा घोळका फाटकावर. पुढे शालूबाई, जुळणीच्या टेबलावरची. हिची जीभ हिच्या बोटांपेक्षा जलद चालते.

"सुभेदार, पाळणाघर झालं म्हनं."

"झालं."

"मग पोरं कवापास्नं आणायची?"

"पोरं कशाला?"

सगळ्या हसल्या. मी विनोद केला नव्हता. मी त्यांना नीट समजावलं, की पोरं आली की मुततील, चादरी जातील, बाटल्या फुटतील, आणि इन्स्पेक्शनला मान खाली जायची ती माझी.

"आवं, मग त्या पाळण्यात तुमी निजणार हायसा का मॅनेजर?" शालूबाई म्हणाली.

या बायांना चांगली वस्तू दाखवायची सोय नाही. दिसली की वापरायला मागतात.

८ फेब्रुवारी

रंगूबाई म्हणून एक धनगरीण आहे. माण तालुक्याकडची. मागच्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडत फोडत इकडे सरकली आणि परत गेली नाही. नवरा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली कोकणात उतरतो, तो पावसाच्या तोंडाला उगवतो. हिची झोपडी औद्योगिक वसाहतीच्या मागं, ओढ्याच्या काठी. दोन पोरी. थोरली बनी, नुकते दुधाचे दात पडलेली. धाकटी रांगती, अजून अंगावर पिणारी.

ही बनी रोज धाकटीला काखोटीला मारून फाटकासमोर निंबाखाली येऊन बसते. समोरून मालट्रक धडाधड जातात. जेवणाच्या सुट्टीत रंगूबाई पोरीला पाजायला बाहेर जायला बघते. आता नियम असा, की संध्याकाळी कारखाना सुटेपर्यंत कामगार बाहेर नाही आणि परका माणूस आत नाही. मी तोडगा काढला. रंगूबाईने आतून गजांना टेकून बसायचं, बनीने बाहेरून धाकटीला गजांशी धरायचं. पोरगी गजांमधून पिते. दोन्ही नियम शाबूत. हंबीररावांना हे जन्मात सुचलं नसतं.

धाकटीच्या गालावर गजाचा वळ उठतो म्हणून रंगूबाई तिथे पदर धरते. लाड.

१५ फेब्रुवारी

ती बनी दिवसभर फाटकाकडे बघत बसते. बघणारी माणसं मला आवडत नाहीत. गेल्या आठवड्यात विचारलं, शाळेत का जात नाहीस? म्हणाली, "नाव हाय शाळंत. पर ही हाय न्हवं," आणि धाकटीला वर उचलून दाखवली, जशी काय मला दिसत नव्हती.

वेळ जात नव्हता म्हणून फाटकावरच्या पाटीवरचं एक अक्षर तिला सांगितलं. मग पुढचं. पोर मठ्ठ आहे. चार दिवस झाले आणि अजून नुसती वरची ओळ वाचता येते. ओळ अशी आहे: परवानगीशिवाय आत येऊ नये.

आज तिने ती बोट लावून सबंध वाचली आणि म्हणाली, "म्हंजी आमी?"

"व्हय. तुमीच," मी म्हटलं. "आणि मला सुभेदारसाहेब म्हणायचं. सरळ उभं राहून."

ती सरळ उभी राहिली आणि "सुबेदारआजा" म्हणाली. सलाम मात्र बरा करते. कोपर खाली जातं.

२२ फेब्रुवारी

इन्स्पेक्शन झालं. आधी निरोप आला होता. हंबीररावांनी फर्मान काढलं की तासाभरासाठी बायांनी पोरं आणून पाळण्यात घालावीत, पोरांशिवाय बरं दिसत नाही. मी विरोध नोंदवला. ऐकतोय कोण.

पोरं आली. नाकं वाहणारी, काजळ गालापर्यंत आलेली. भांडीवाली पांढऱ्या लुगड्यात उभी होती, तिला पोर कुठून धरायचं ते ठाऊक नव्हतं. बनी धाकटीला घेऊन आली, पहिल्यांदा फाटकाच्या आत. धाकटीला पाळण्यात ठेवलं तर ती दुलईची कड मुठीत धरून गपकन झोपली. बनी मुळाक्षरांच्या तक्त्यापुढे उभी राहिली आणि पाटीवरची अक्षरं त्यात शोधायला लागली. सापडलं की मागे वळून मला दाखवायची. मी लक्ष दिलं नाही, मी सावधानमध्ये होतो.

इन्स्पेक्टर म्हातारा होता. त्याला निवडणुकीच्या ड्युटीची काळजी, आणि त्याहून मॅनेजरच्या घरच्या मटणाची. दारातूनच मान हलवून गेला.

नंतर खोली रिकामी करायची होती. सगळी उठली, धाकटी उठेना. दुलई तिच्या मुठीतून सोडवताना घडी पार मोडली. ती रडायला लागली ती फाटकाबाहेर जाईपर्यंत. मला सगळ्या चादरी बदलाव्या लागल्या. मी हंबीररावांना साफ सांगितलं, पुढच्या वेळी पोरं नकोत, पोरांनी किटचा सत्यानाश होतो.

९ मार्च

निंबाखाली कुणी नाही. फाटक कसं मोकळं मोकळं. चौकशी केली तेव्हा कळलं, शाळेचे मास्तर झोपडीवर जाऊन आले, बनी आली नाही तर नाव कापीन म्हणाले. म्हणून रंगूबाईने तिला शाळेत धाडलं. चांगलं झालं, माझ्या डोक्याची कटकट गेली.

धाकटीला कोण बघतं हे मी विचारलं नाही. तो माझा चार्ज नव्हे. रंगूबाई जेवणाच्या सुट्टीत बाहेर सोडा म्हणून हात जोडते. मी नियम सांगतो. तिचं लुगडं छातीवर भिजलेलं असतं आणि ती तशीच मशिनीवर जाते. गबाळेपणा.

१४ मार्च

निंबाखाली परत दोघी. धाकटीचं तोंड सुजून भोपळा, डोळे मिटलेले. लाल मुंग्यांनी फोडून काढलं होतं. मी बनीला दरडावून विचारलं. तिने सांगितलं, आय कामावर जाताना हिला बाजेच्या पायाला बांधून जात होती, लुगड्याच्या पट्टीनं, वाकळंवर. भाकरीचा तुकडा हातात द्यायची. त्या तुकड्याला मुंग्या लागल्या.

"मी शाळंतनं आले तर तिचा आवाज बी येत न्हवता," बनी म्हणाली. "मला वाटलं निजलीया."

पोरीच्या पायावर घोट्याच्या वर वळ होता. लाल, आणि खाली काळा, म्हणजे रोजचा. बाई आहे का कसाई. मी रंगूबाईला फाटकातच झाडली. जनावराला बांधतात तसं पोराला बांधते, अक्कल गहाण टाकलीस काय, असं सगळ्यांच्या देखत सुनावलं. उत्तर दिलं शालूबाईने.

"आमी समद्याच बांधतो, सुभेदार. मोकळं सोडलं तर ओढ्यात जातंय न्हाईतर चुलीत. तुमच्या कमरंला किल्ली हाय, तुमी सांगा कसं करायचं ते."

असल्या बायांच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही. बनीने शाळा सोडली. आज सलाम केला नाही, हातात धाकटी होती.

१५ मार्च

हा प्रकार घरी सांगितला. मंडळींनी माझ्या बाजूने दोन शब्द बोलावेत अशी अपेक्षा होती. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "मी बी बांधत हुते."

"कुणाला?"

"दादासोला. तुमी तिकडं वर बर्फात हुता. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. उसाची भांगलण आली की मला शेतात जावं लागायचं. बाजेला बांधायची, दोरीला जुनेर गुंडाळायची, म्हंजे काचू नये. तरी काचायचंच."

मला आठवलं. एकदा रजेवर आलो होतो तेव्हा पोराच्या पायाला वळ बघितला होता. ही म्हणाली होती, खेळताना लागलं. तो वळ अजून आहे त्याच्या पायावर, गोल, बांगडीसारखा. दादासो आता भिलाईला पोलादाच्या कारखान्यात आहे. पत्र आईच्या नावावर घालतो, खाली एक ओळ असते, तीर्थरूपांना नमस्कार.

"मला लिहायचं होतंस," मी म्हटलं.

"लिवून काय केलं असतं तुमी?"

मी सांगितलं, की केलं असतं काहीतरी. तिने वाटाण्यांचं सूप उचललं आणि आत गेली. बायकांची ही रीत बघा, इतकी वर्षं तोंड शिवून बसायचं आणि उत्तर द्यायची वेळ आली की उठून जायचं.

आज जेवण उतरलं नाही. वाटाणे कच्चे राहिले होते.

२ एप्रिल

आज दिवस माझा होता. पण लोकांना कदर नाही.

नवा इन्स्पेक्टर आला, न सांगता-सवरता. एस. टी.तून उतरून पायी. तरुण, काडीसारखा, मिशी नाही, चष्मा. हंबीरराव उसाची तोड बघायला गावाकडे. साहेब नसताना पाहुणा आला तर सगळं ऑफिस कोंबड्यांसारखं इकडेतिकडे पळायला लागलं. भांडीवालीला बोलवायला माणूस धावला. मी म्हटलं, काही गरज नाही. करदोट्याची किल्ली काढली आणि इन्स्पेक्टरला सरळ घेऊन गेलो.

दार उघडलं. पाळणे एका ओळीत, दुलया चौकोनी, घोड्याचं तोंड दाराकडे. खिडकीच्या चौकटीवर त्याने बोट फिरवलं. बोट स्वच्छ. बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरली.

"एवढं स्वच्छ पाळणाघर मी जिल्ह्यात बघितलं नाही," तो म्हणाला.

"जी सर."

"मुलं कुठायत?"

"मुलं नाहीत सर."

"आज आली नाहीत?"

मी टाचा जुळवल्या. म्हटलं, "सर, तयार झाल्यापासून एकदाच, तेही तासाभरासाठी, वरून हुकूम आला म्हणून मुलं आणावी लागली. तेवढं सोडलं तर या खोलीत मी एकाही पोराला पाऊल टाकू दिलेलं नाही."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, कर्नलसाहेबांसारखं काही म्हणेल.

"हे मी तुमच्या नावानं लिहून घेऊ?"

"अवश्य घ्या सर." मी नाव सांगितलं, रँक सांगितली, पलटण सांगितली.

लिहिता लिहिता त्याने विचारलं, "मग या बायांची मुलं दिवसभर असतात कुठे?"

आता हा माझ्या चार्जमधला प्रश्न नव्हता. पण विचारलेल्याचं उत्तर द्यायचं, कमी नाही, जास्त नाही, ही फौजेची शिकवण. मी सांगितलं, की दोन फाटकाबाहेर निंबाखाली आहेत, बाकीची घरी, आणि घरची बरीचशी बांधलेली असतात.

"बांधलेली म्हणजे?"

"दोरीनं सर. पायाला. बाजेच्या."

मग तो फाटकाबाहेर गेला, निंबाखाली उकिडवा बसला आणि धाकटीचा पाय बघितला. बनीने त्याला पाटी वाचून दाखवली, त्याने न सांगताच. आगाऊ पोर.

खोलीबद्दल त्याने शेवटपर्यंत एक शब्द जास्त काढला नाही. नव्या पिढीला किटची पारख राहिलेली नाही.

४ एप्रिल

हंबीरराव परत आले. केबिनमधून त्यांचा आवाज प्रेसच्या खडखडाटावरून ऐकू येत होता. नोटीस आली आहे. पाळणाघर चालू करा, आया नेमा, दूध द्या, मी पुन्हा येऊन बघणार, नाहीतर खटला.

"सुभेदार, तुमी माज्या घरात साप सोडला."

"मी काही सोडलं नाही. विचारलं ते सांगितलं."

"इतकी वर्सं फौजेत काडली आन् तोंड कवा मिटायचं ते कळलं न्हाई?"

मी म्हटलं, साहेब, खोली उत्तम होती, हे त्याने स्वतः कबूल केलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मला वाटतं त्यांना उन्हाचा त्रास होत असावा.

मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "ऐका. उद्यापास्नं लेकुरवाळ्या बाया आत घ्यायच्या न्हाईत. ती धनगरीण पयली, मग ती लांब जिभंची. पोरं असलेली बाईच न्हाई, तर पाळणाघर कुणासाठी? मिटला इषय. फाटकावरनंच परत पाठवा."

"लेखी द्या साहेब."

"तोंडी सांगतोय की."

"तोंडी हुकमावर मी फाटक बंद करत नाही. नावं घाला, खाली सही करा. उद्या विचारणा झाली तर माझ्या हातात कागद पाहिजे."

मी कोरा कागद पुढे सरकवला. त्याच्याकडे त्यांनी असं बघितलं, जसा काय मी विंचू पुढे केला. नोटीस टेबलावर पडलेली, आणि तिच्या शेजारी स्वतःच्या सहीनिशी हे लिहून द्यायची हिंमत ऊसवाल्यांत कुठली. लेस आज दोन्ही बुटांची सुटली होती.

५ एप्रिल

लेखी हुकूम आला नाही. फाटक उघडं ठेवलं. रंगूबाई आली, शालूबाई आली, सगळ्या आल्या. कुठून तरी त्यांना सगळं कळलं होतं, कारखान्यात गुपित राहत नाही. शालूबाईने माझ्या टेबलावर शेंगदाण्याचे लाडू ठेवले. "सुभेदार, आमी तुमास्नी उगं बोललो. तुमी आमच्यासाटी नोकरी पणाला लावली," म्हणाली. रंगूबाईने वाकून पाय धरले. बुटाचं पॉलिश गेलं.

मी त्यांना सांगितलं, मी कुणासाठी काही केलेलं नाही, नियमाप्रमाणे वागलो. तर त्या एकमेकींकडे बघून हसल्या, जशी मी लाजून बोलतोय. या बायांना कितीही समजावा, डोक्यात शिरत नाही. लाडू घरी आणले. मंडळींनी दोन खाल्ले, कुणी दिले विचारलं, सांगितल्यावर आणखी एक खाल्ला.

२५ एप्रिल

हंबीररावांनी डाव साधला. फाटकावर केरबा म्हणून एक बिडी ओढणारा पोरगेला माणूस ठेवला आणि मला पाळणाघरात धाडलं. "लय चार्ज पायजे हुता न्हवं? आता पाळणे हलवा," म्हणाले. सगळ्या ऑफिससमोर. राजीनामा लिहिला होता, पण त्यात एक खाडाखोड झाली म्हणून फाडला. भांडीवालीला आता खरोखर कामावर घेतलंय. तिला मी पोर धरायला शिकवलं. मान धरायची, बंदुकीचा दस्ता नव्हे.

पोरं आली. पहिल्या तासात दुलयांच्या घड्या संपल्या. घोड्याचा कान तुटला. दोन बाटल्या फुटल्या. माझं दाखवायचं किट एका सकाळीत कंडेम झालं.

रंगूबाईची धाकटी आली तेव्हा तिच्या पायात लुगड्याची पट्टी तशीच होती. पहाटे पाणी आणायला जाताना बांधते म्हणे, सोडायला वेळ मिळाला नाही. गाठ इतकी आवळलेली की नखाला दाद देईना. शेवटी दात लावून सोडवली. सुभेदार माणूस, आणि दातांनी गाठी सोडतोय. पट्टी टाकायला केराची टोपली जवळ नव्हती म्हणून खिशात घातली.

धाकटी दुलईची कड मुठीत धरून झोपली. ही खोड आहे तिला.

१८ जून

शाळा सुरू होऊन आठवडा झाला. बनी दुसरीत बसते. वर्षभर गेली नाही, पण मास्तरांनी वाचायला लावलं तर तिने धडाधड वाचलं म्हणून वर घातली, असं रंगूबाई सांगत होती. मास्तर स्वतःची पाठ थोपटून घेतोय. ती सकाळी पाटी काखेत मारून फाटकावरून जाते. धाकटीला खिडकीतून बघते, मला बघत नाही, सलाम नाही, पळत सुटते. समज द्यावी लागेल.

आज दुपारी मंडळी कारखान्यात आल्या. लग्न झाल्यापासून माझ्या कामाच्या जागी ती कधी आलेली नाही. काल माझा शर्ट धुवायला घेतला, खिशातून ती पट्टी निघाली. बरेच दिवस मी एका खिशातून दुसऱ्या खिशात घालत होतो, टाकायचं राहून गेलं होतं. तिने पट्टी धुऊन दोरीवर वाळत घातली. आणि आज दारात उभी.

मी तिला सगळं दाखवलं. पाळणे, तक्ता, दूध गरम करायची जागा. मोठी पोरं ठोकळ्यांवरून भांडत होती. एक माझ्या पायाला धरून उभं राहायला शिकत होतं, त्याला हलवायची सोय नव्हती. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहून एकेका पाळण्याच्या खाली बघत होती, जसं काही हरवलंय.

मग म्हणाली, "आन् ह्यास्नी बांधत न्हाईसा?"

मला हसू आलं. "बांधायचं कशाला? मी हाय की हितं."

ती तिथेच दारात बसली आणि पदर डोळ्यांना लावला. काय झालं विचारलं तर म्हणाली, काय न्हाई. परत विचारलं तर म्हणाली, काय न्हाई म्हनलं न्हवं. धाकटी रांगत तिच्यापर्यंत गेली. तिने तिला मांडीवर घेतलं आणि तिचा पाय हातात धरून किती तरी वेळ बसली. वळ आता पुसट झालाय. मी सांगितलं, की जातो हळूहळू. त्यावर तिला हुंदकाच फुटला. साधं सरळ बोललेलं बायकांना सोसत नाही, हा माझा जुना अनुभव आहे.

संध्याकाळी म्हणाली, दादासोला पत्र लिवा. मजकूर विचारला तर म्हणाली, तुमीच बगा काय लिवायचं ते. एरवी ती सांगते आणि शेजारचा लिहितो. मी खुशाली लिहिली. पेन्शन वाढली ते लिहिलं. पाळणाघराची व्यवस्था सविस्तर लिहिली, त्यात एक पान गेलं. शेवटी पायाचं कसं आहे, एवढं विचारलं. का विचारलं कोण जाणे. पाय तर केव्हाच बरा झालाय.